कुणासाठी आणि कोणत्या महिन्यात

कोल्हापूर जिल्ह्यात लोकरीचा स्वेटर ही गरजेची वस्तू आहे, असं म्हणायला थोडं धाडस लागतं. डिसेंबर-जानेवारीत इथलं रात्रीचं तापमान सरासरी १५ अंशांच्या आसपास राहतं. नृसिंहवाडीत संगमाकाठी पहाटे काकड आरतीला जाणारा माणूस कुडकुडतो खरा, पण दहा वाजेपर्यंत त्याच्या गळ्यातला मफलर काखेत आलेला असतो. तरीही शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूर, सांगली-मिरज या पट्ट्यातल्या जुन्या घरांतल्या ट्रंका उघडल्या की हाताने विणलेलं काही ना काही निघतंच. पिवळट पडलेला तान्ह्याचा स्वेटर, गोंड्याचं टोपरं, रुखवतात मांडलेला क्रोशाचा रुमाल. यातलं फारच थोडं थंडीसाठी विणलेलं असतं. बहुतेक सगळं कुणाला तरी द्यायचं म्हणून विणलेलं असतं. उत्तर युरोपातल्या किनाऱ्यांवर जाड विणीचा स्वेटर हा मच्छीमाराचा कामाचा कपडा होता; आपल्याकडे तो आहेर आहे.

विणकामाची पुस्तकं मात्र हे ध्यानात घेत नाहीत. ती विणीपासून सुरू होतात. पान उघडावं तर एक देखणा नमुना, खाली टाक्यांचा हिशोब, आणि लोकरीबद्दल एक ओळ: चार पदरी, अमुक ग्रॅम. कुणाच्या अंगावर ती चढणार, कोणत्या महिन्यात, तो कपडा धुणार कोण, याची चौकशी नाही. हे पुस्तक दुसऱ्या टोकाने सुरू होतं. आधी घेणारा माणूस, मग महिना, मग धुण्याची पद्धत, त्यावरून धागा, धाग्यावरून सुई आणि सगळ्यात शेवटी वीण. हा क्रम मला पटतो. का पटतो, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सुयांवरचं विणकाम मूळचं आपलं नाही. इजिप्तमध्ये सापडलेले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मोज्यांचे तुकडे जगातल्या सर्वांत जुन्या विणकामात मोडतात, आणि त्यांतले बरेचसे निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत. उन्हाळी मुलखात सुताने विणणं म्हणजे तडजोड, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. तिथून ही कला युरोपात गेली, लोकरीत रमली, आणि एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या हातून हिंदुस्थानात आली. लाहौलमध्ये मोरावियन मिशनने रुजवलेल्या विणकामातून तिथले रंगीत मोजे तयार झाले. २०२१ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. गोदावरीच्या मुखाशी नरसापूरला क्रोशाची लेस उभी राहिली. आपल्याकडे असं एखाद्या गावाच्या नावाने ओळखलं जाणारं विणकाम झालं नाही. मुलींच्या शाळांतून, १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांतल्या शिवण-भरतकामाच्या वातावरणातून, आणि पुढे बायकांच्या मासिकांतून ते घरोघर पसरलं. 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झालं ते आमच्याच कृष्णेकाठच्या किर्लोस्करवाडीहून, ही गोष्ट इथल्या माणसाला जरा मिरवावीशी वाटते. छापील नमुना वाचून सुया हलवणारी बाई ही अशा मासिकांच्या काळाची निर्मिती. त्याआधी नमुना वाचत नसत. शेजारणीच्या मांडीवरचा तुकडा उलटसुलट करून पाहत, आणि घरी येऊन तसा पाडत.

मग १९६२ आलं. चीनशी युद्ध झालं तेव्हा हिमालयातल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत ही बातमी देशभर पसरली आणि ठिकठिकाणच्या बायकांनी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणून पाठवल्या. त्याच नोव्हेंबरात देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी बसलं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालेल्यांची घरं या पट्ट्यात गावोगाव आहेत, त्यामुळे इथे ती लोकर नुसती देशभक्तीची नव्हती. कधी न पाहिलेल्या माणसासाठी, कधी न अनुभवलेल्या थंडीसाठी विणायचं म्हणजे सगळा अंदाजच. विणीला तिथे किंमत नव्हती. ऊब, माप आणि टिकाऊपणा एवढंच पाहायचं होतं. माझ्या मते आपल्या विणकामाच्या इतिहासात धागा आणि घेणारा यांचा इतका कडक विचार दुसऱ्या कुठल्या प्रसंगी झालेला नाही.

आता एक विचित्र गोष्ट. हे सगळं चाललेलं असताना, याच मुलखात लोकरीचा एक दुसरा, फार जुना संसार शेजारीच नांदत होता, आणि दोघांची गाठ कधी पडली नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढ्या, त्यांची काळी-करडी लोकर, ती कातणाऱ्या धनगर बायका, खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणणारे सणगर, घोंगडीला कडकपणा आणणारी चिंचोक्याची खळ. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात. आदमापूरच्या बाळूमामांच्या मेंढ्यांचे कळप अजून शिवारं फिरतात. नृसिंहवाडीपासून ही ठिकाणं काही परमुलखात नाहीत. पण वाडीतल्या, सांगलीतल्या विणणाऱ्या बाईच्या हातातला गुंडा लुधियानाहून आलेला असतो, आणि बहुधा त्यात लोकर नावालाही नसते.

याला कारण आहे, आणि ते भावनेत वाहून जाऊन झाकू नये. मेरिनोचा तंतू बहुधा २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचा तंतू माणसाच्या कातडीला टोचू लागतो. दख्खनी मेंढीची लोकर त्याहून जाड आणि राठ. ती घोंगडीला उत्तम: पावसात पाणी झटकते, दगडावर अंथरली तरी झिजत नाही, वर्षानुवर्षं टिकते. तान्ह्या बाळाच्या मानेला ती लावणं म्हणजे अत्याचार. म्हणून 'आपली लोकर वापरा' असा सरसकट उपदेश या पुस्तकात नाही, याचं मला समाधान वाटलं. आसन, पिशवी, बैठकीची गादी, सदऱ्यावरून घालायची बंडी यांसाठी ती घ्या, असं हे पुस्तक सांगतं. अंगालगतच्या कपड्याला नको म्हणतं. या लोकरीकडे बाहेरचं लक्षही आता वळू लागलं आहे. दख्खनी लोकरीवरच्या, लोकरीतच घडवलेल्या 'देसी ऊन' या अ‍ॅनिमेशन लघुपटाला २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आन्सीच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. कौतुक झालं ते चांगलंच, पण धनगराच्या हातात किलोमागे काय पडतं, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आसनावरून आठवलं. वाडीसारख्या गावात, जिथे पुजाऱ्यांच्या घरांतून सोवळं अजून पाळतात, तिथे लोकरीला वेगळाच मान आहे. रेशीम आणि लोकर सोवळ्याला चालते. धाबळी नेसून स्वयंपाक करणाऱ्या आज्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. अशा घरी द्यायचं आसन कितीही सुबक विणलं आणि धागा अ‍ॅक्रिलिकचा निघाला, तर ते हसून घेतील, आणि पाहुण्याला बसायला देतील. घेणाऱ्याचा विचार आधी करायचा तो असा.

अ‍ॅक्रिलिकची निंदा करण्याची आता फॅशन आहे. मी त्यात नाही. १९५० मध्ये अमेरिकेत 'ऑरलॉन' बाजारात आलं, आणि पुढच्या काही दशकांत या कृत्रिम धाग्याने आपल्याकडच्या गुंड्यांचा कब्जा घेतला. वर्धमान, ओसवाल ही नावं आपल्याकडे लोकरीची म्हणूनच ओळखली गेली, आणि दुकानात 'लोकर द्या' म्हटलं की समोर अ‍ॅक्रिलिकच येऊ लागलं. ते स्वस्त, रंगांना तोटा नाही, कसर लागत नाही, बादलीत भिजवून पिळलं तरी आटत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी या तालुक्यात पाहिले आहेत, त्यांना चिखलपाण्यातून काढून धुतलेला कपडा पुन्हा कपडा होतो, याची किंमत सांगावी लागत नाही. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की घट्ट होऊन बसते, पुन्हा सुटत नाही.

पण एका ठिकाणी अ‍ॅक्रिलिक नकोच, आणि नेमकं तिथेच आपण ते सर्रास वापरतो: बाळंतविडा. झबली, टोपरी, दुपटी, मोजे आणि वर मावशीने किंवा आत्याने विणलेला स्वेटर. गुलाबी नाहीतर आकाशी, मऊ, 'बेबी' असं लेबल असलेला धागा. बाळंतिणीच्या खोलीत मात्र शेक असतो, शेगडी असते, ओव्याची धुरी असते. डॉक्टर धूर नको म्हणतात आणि ते बरोबरच आहे, पण कित्येक घरांत निखारे अजून पेटतातच. अ‍ॅक्रिलिक ज्योतीजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं. लोकर सहजी पेट घेत नाही, आणि ज्योत दूर झाली की बहुधा आपोआप विझते. म्हणून त्या खोलीत जाणारा कपडा सुती असावा किंवा बारीक मेरिनोचा. या पुस्तकातली एवढी एक सूचना घरोघर पोचली तरी छपाईचा खर्च वसूल झाला, असं मी समजेन.

बाळंतविड्यात दुसरी गल्लत मापाची होते. जन्मलेल्या बाळाचं डोकं ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, सहा महिन्यांत ते ४३ च्या घरात जातं. वैशाखात जन्मलेल्या बाळाला जन्माच्या मापाचा स्वेटर देणं म्हणजे फोटोपुरती भेट. त्याला तो मार्गशीर्षात लागणार आहे, तेव्हाच्या मापाने विणावा, समोरून उघडणारा, मुंढ्यात सैल. मोठ्या भोकांची जाळीची वीण नको, बोटं अडकतात. लांब नाड्या आणि सैल बटणं तर मुळीच नकोत.

महिन्यांचा हिशोब हा या पुस्तकाचा कणा आहे, आणि तो इंग्रजी पुस्तकांतल्या चार ऋतूंवर बसवलेला नाही. नदीकाठचा पावसाळा घ्या. कृष्णेचं पाणी चढतं, वाडीच्या दत्तमंदिरात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडतं तो दक्षिणद्वार सोहळा होतो, घरात ओल मुरते, हात सतत दमट. अशा वेळी लोकर हातात धरवत नाही, आणि ट्रंकेतली लोकर उघडली तर वास धरते. हे दिवस सुताचे आणि क्रोशाचे: गौरी-गणपतीची तोरणं, चौरंगावरचे रुमाल. गणपती गेले, ऊन कडक झालं की ट्रंका उन्हात रिकाम्या कराव्यात, कडुलिंबाचा पाला नाहीतर वेखंडाचे तुकडे नवे घालावेत, आणि स्वेटरचे टाके सुईवर चढवावेत. दत्तजयंतीला अंगावर हवा असेल तर दिवाळीत सुरुवात करून भागत नाही. भाऊबीजेला फार तर मफलर होतो.

संक्रांत हा आमचा सगळ्यात गमतीचा सण. एरवी बाळाच्या अंगावर काळं नको म्हणणाऱ्या आज्या बोरन्हाणाला काळ्याचा हट्ट धरतात. काळा स्वेटर, वर हलव्याचे दागिने. विणणारीसाठी मात्र काळी लोकर ही शिक्षा आहे. संध्याकाळच्या दिव्यात टाका दिसत नाही, गळलेला तर नाहीच नाही. त्यामुळे काळ्यात अवघड वीण घेऊच नये; सुलट-उलट सपाट ठेवावं, फार तर साबुदाण्याची वीण, आणि काम दिवसाउजेडी करावं. वेणीची वीण काळ्यात घालणं हे फुकट घाम गाळणं आहे, कारण ती कुणाला दिसतच नाही.

आणि अधिक महिना. साधारण दर ३२-३३ महिन्यांनी येणारा हा महिना २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ म्हणून १७ मे ते १५ जून असा येतो आहे. जावयाला ३३ अनारसे किंवा बत्तासे, म्हणजे जाळी पडलेल्या वस्तूंचं वाण द्यायची रीत आहे. जाळीदारच हवं, तर क्रोशासारखं जाळीदार काय आहे? ऐन उन्हाळ्यात जावयाला लोकरीचं काही देण्यापेक्षा ३३ फुलांच्या नक्षीचा सुती रुमाल ताटावर घालून अनारसे द्यावेत, ही या पुस्तकातली कल्पना मला फार आवडली. शास्त्राला धरून आहे की नाही ते शास्त्री सांगतील.

विणकामाच्या शाळांबद्दल नव्या वाचकाला थोडं सांगायला हवं. दोन सुया आणि क्रोशा हा पहिला भेद. सुयांवरचं कापड ताणतं, अंगाबरोबर हलतं, म्हणून कपड्याला बरं. क्रोशाचं जरा ताठ, म्हणून तोरण, रुमाल, खेळणी यांना. सध्या तरुण मुली जपानी पद्धतीची छोटी क्रोशाची खेळणी विणतात, त्यात गणपतीही आले. दुसरा भेद पाठ, पुढा, बाह्या वेगळ्या विणून जोडणारे आणि वर्तुळात अखंड विणणारे यांच्यातला. आपली सगळी परंपरा जोडणाऱ्यांची. अखंड विणण्याला लोकप्रिय करणाऱ्यांत एलिझाबेथ झिमरमन यांचं नाव मोठं. १९७१ च्या त्यांच्या पुस्तकाने विणणाऱ्यांना छापील आकड्यांच्या गुलामीतून सोडवलं. छातीच्या टाक्यांना शंभर टक्के धरा, बाकी सगळं त्याच्या टक्केवारीत काढा, असा त्यांचा हिशोब. वीत आणि चार बोटं यांवर माप काढणाऱ्या आमच्या बायकांना तो ऐकून नवल वाटलं नसतं.

२००७ नंतर रॅव्हलरी हे विणणाऱ्यांचं संकेतस्थळ आणि मग यूट्यूब यांनी जगातले नमुने हातात आणून दिले, आणि त्याबरोबर एक नवा घोटाळाही. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात, त्यात आकडा मोठा तर सुई बारीक. आपली १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, अमेरिकन १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटर, जवळजवळ दुप्पट. क्रोशातही ब्रिटिश आणि अमेरिकन नमुन्यांत एकाच नावाचे टाके वेगळे निघतात. त्यामुळे या पुस्तकात सगळी मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत. त्यासोबत एक नियम, जो कुणालाच आवडत नाही: आधी तुकडा विणून पाहणे. १० सेंटिमीटरला २२ टाके येतात की २४, यात काय मोठंसं, असं वाटतं. २०० टाक्यांच्या घेरात हा फरक साडेसात सेंटिमीटरचा होतो, म्हणजे भाच्याचा स्वेटर त्याच्या धाकट्या भावाला जातो.

आता हे सगळं कशासाठी, हा प्रश्न उरतो. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते कोल्हापुरात येतात, लुधियानाचे तयार स्वेटर लावतात, आणि चांगल्या धाग्याच्या गुंड्यांना लागतात तेवढ्याच पैशांत अख्खा स्वेटर मिळतो. काटकसर म्हणून हाताने विणण्याचे दिवस गेले. पूर्वी जुना स्वेटर उसवून, लड्या धुऊन, वजन टांगून सरळ करून पुन्हा विणत. ती शहाणी रीत होती, आणि या पुस्तकात तिला जागा आहे. पण आज कुणी विणतं ते देण्यासाठीच. घेणारे लांब गेले आहेत. नात टोरोंटोत, भाचा मिनेसोटात. तिथे खरी थंडी आहे, घरात मात्र हीटर आहे, आणि कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी गरम हवेचं वाळवण्याचं यंत्र आहे. आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर बाळंतपणाला जाते, सोबत मेरिनोचा स्वेटर नेते, आणि पहिल्याच धुण्यात तो बाहुलीच्या मापाचा होतो. तिथे द्यायचं तर यंत्रात धुता येईल असा प्रक्रिया केलेला धागा घ्यावा, आणि कपड्याच्या आत चिठ्ठी शिवावी: गार पाणी, सपाट वाळवणे.

पुस्तकात काय नाही तेही सांगते. यंत्रावरचं विणकाम नाही. सुटे नमुने थोडे आहेत, आणि ज्यांना केवळ नमुने हवेत त्यांची निराशा होईल. उलट प्रत्येक नमुन्याआधी घेणाऱ्याचं वय, महिना, धुणं आणि धाग्याचे दोन-तीन पर्याय दिले आहेत, स्वस्तातला एक धरून. ग्रॅमचे आकडे सढळ हाताने दिले आहेत, ते कमी करू नयेत. सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉट नंबरचे घ्यावेत. दुसऱ्या लॉटचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तोच दिसतो आणि दारात आल्यावर बाही वेगळी दिसते. उरलेला एखादा गुंडा दुकानदार परत घेईल की नाही, हे पैसे देण्याआधी विचारावं.

नृसिंहवाडी
दत्तजयंती, शके १९४७